फॉर्मवरच्या दोन थापा

आमच्या जिल्ह्यात माझ्या वयाची जेवढी माणसं आहेत, त्यातली निम्मी एक जूनला जन्मली. खोटं वाटत असेल तर कुणाचंही आधार कार्ड मागून बघा. माझ्या गावात तर त्या दिवशी इतके वाढदिवस असतात की केक कापायला सुऱ्या पुरत नाहीत, ऊसतोडीचे कोयते बाहेर काढावे लागतात. आमच्या बायका एकाच दिवशी बाळंत व्हायच्या, असं मात्र नाही. मी तसंही सांगून बघितलंय, पुण्याच्या एका गृहस्थांनी विश्वास ठेवला.

खरं कारण वेगळं. पोराला शाळेत घालायला आणलं की मास्तर विचारायचे, जन्म कधीचा? आई म्हणायची, कांदे काढायला गेलो होतो तेव्हाचा. मग मास्तर पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावायचे. हात कानाला पोचला की पोर सहा वर्षांचं. शाळा जूनमध्ये सुरू, म्हणून तारीख एक जून. देवाने दिलेली तारीख देवापाशी, मास्तरांनी दिलेली सरकारपाशी.

माझ्या बायकोचे हात लांब. एवढे लांब की स्वयंपाकघरात पोळी लाटता लाटता ती हॉलमधला पंखा बंद करते. तिच्या थोरल्या भावाला एकट्याला शाळेत जायची भीती वाटायची, म्हणून सोबतीला हिलाही धाडली. हात कानाच्याही पुढे गेला. मास्तरांनी दोघा भावंडांना एकाच तारखेला जन्माला घातलं, जुळी म्हणून. पोरगी होती जेमतेम तीन वर्षांची. त्यामुळे ती अठराव्या वर्षी बी. ए. झाली आणि तेव्हापासून स्वतःला हुशार समजते.

हे सगळं गमतीचं होतं, आणि पुढेही गमतीचंच राहिलं असतं, जर आम्हाला लग्नानंतर नऊ वर्षांनी दिवस गेले नसते.

मी पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझर आहे. माझं काम द्राक्षं नापास करण्याचं. पंचवीस बायका कात्र्या घेऊन ओळीने बसतात, घडातले बारके, चिरलेले, डागाळलेले मणी छाटतात आणि मी प्रत्येकीच्या मागे उभा राहून मान हलवतो. बाकी वेळ मी थापा मारतो. पॅकहाउसमध्ये असं म्हणतात की माझ्या तोंडून निघालेला मणी अठरा मिलीमीटरचा असला तर तो बागेत बारा मिलीमीटरचा होता असं समजावं.

ही सवय मला माझ्या ताईमुळे लागली. ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तिला डाउन सिंड्रोम आहे. हे नाव आम्हाला फार उशिरा कळलं. त्याआधी गावात तिला जी नावं होती ती मी इथे लिहीत नाही. आई दिवसभर बागेत असायची आणि ताईपाशी बसायचं काम माझ्याकडे. गोष्ट सांगितल्याशिवाय ती एका जागी बसायची नाही. माझ्याजवळच्या खऱ्या गोष्टी दोन दिवसांत संपल्या. तिसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं की आपल्या विहिरीतला बेडूक आगगाडीने मनमाडला जाऊन आला. ताईने विचारलं, "तिकीट काढलं?" मी म्हणालो, "अर्धं." ती इतकी हसली की मी पुढची तीसेक वर्षं थांबलोच नाही.

ताईला शाळेत घेतलं नाही. त्यामुळे आमच्या घरात बराच काळ खरी जन्मतारीख एकट्या तिची होती. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला. कर दिवस वाईट मानतात, पण आईने तो कधी लपवला नाही. वाचायला तिला आईनेच शिकवलं, द्राक्षांच्या पेट्यांत घालायला येणाऱ्या रद्दीवर. म्हणून ताई आजही दिसेल ते वाचते, आणि मोठ्याने. दुकानांच्या पाट्या, बसचे बोर्ड, औषधांच्या बाटल्या. कपड्यांच्या घड्या घालण्यात तर तिचा हात कुणी धरणार नाही. तिने घडी घातलेला माझा एक रुमाल तीन वर्षांनी सापडला. उलगडून टेबलावर ठेवला तर आपला आपण परत मिटला.

आई गेल्यावर ताई आमच्याकडे नाशिकला राहायला आली. आमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

तर दिवस गेले. गंगापूर रोडला एका डॉक्टरीणबाईंकडे नाव घातलं. तिसऱ्या महिन्यात सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी असते, त्यावरून बाळात डाउन सिंड्रोमसारखं काही असण्याची शक्यता किती, त्याचा आकडा काढतात. ताईला घरी एकटी ठेवता येत नाही, म्हणून ती बरोबर होतीच. बायकोला आत नेलं आणि फॉर्म माझ्या हातात आला. मी खुर्चीत बसलो, शेजारी ताई. तिने आधी भिंतीवरची पाटी वाचली. सबंध हॉलला ऐकू जाईल अशी.

"येथे... गर्भ... लिंग... निदान... केले जात नाही. भाऊ, म्हणजे काय?"

"म्हणजे मुलगा की मुलगी ते सांगत नाहीत."

"का?"

"मुलगी असली तर लोक नको म्हणतात."

ताईने आजूबाजूला बसलेल्या सगळ्यांकडे एकदा नीट पाहून घेतलं. "वाईट आहेत," ती म्हणाली. समोरच्या एका गृहस्थांनी, ज्यांचा काहीही संबंध नव्हता, मोबाइल खिशात ठेवला.

मग ती माझ्या फॉर्मकडे वळली. आईचं नाव. जन्मतारीख. मी आधारवरून उतरवून घेतली, एक जून. हात सवयीनेच चालला. पुढचा रकाना ताईनेच वाचला, एकेक अक्षर बोटाने दाबत. "कुटुंबात... कोणास... जन्मजात... व्यंग... असल्यास... भाऊ, व्यंग म्हणजे?"

"खोड."

"आपल्यात कुणाला आहे?"

आता मला सांगा. मी आयुष्यात किती थापा मारल्या असतील? ढोबळ हिशोबाने गंगापूर धरण भरेल आणि दोन दरवाजे उघडावे लागतील एवढ्या. त्यातली एकही इतक्या पटकन तोंडात आली नसेल. "कुणालाच नाही," मी म्हणालो, आणि 'नाही'वर खूण केली. ताईने पाहिली. समाधानाने मान हलवली.

आठवड्याने रिपोर्ट आला. पुन्हा तिघेही गेलो. डॉक्टरीणबाई शांत बाई. त्या रिपोर्ट उघडणार तेवढ्यात ताईने त्यांच्या टेबलावरची पाटी वाचायला घेतली, त्यांची डिग्री, सगळ्या टिंबांसकट. बाईंनी वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा थोडा बदलला.

"ह्या कोण?"

"माझी ताई. सख्खी."

त्यांनी फॉर्म काढला, खूण पाहिली, माझ्याकडे पाहिलं. नर्सला हाक मारून म्हणाल्या, "ह्यांना बाहेर मासे दाखव." बाहेर काचेची टाकी होती. ताई खुशीने गेली.

मग त्यांनी रिपोर्ट आमच्याकडे वळवला. आकडा लाल अक्षरात होता. धोका जास्त. त्या समजावून सांगत होत्या की हा निकाल नाही, हा नुसता अंदाज आहे, रक्त, सोनोग्राफी आणि आईचं वय मिळून काढलेला, आणि तुमचं वय पस्तीस आहे म्हणून...

"माझं वय पस्तीस नाहीये," बायको म्हणाली.

"आधारवर आहे."

"ते मास्तरांनी घातलंय."

डॉक्टरीणबाई नाशिकच्याच. त्यांना यावर काही सांगावं लागलं नाही. त्यांनी चष्मा काढला. "एक जून?" आम्ही दोघांनी माना हलवल्या. "माझ्या नवऱ्याचीही तीच," त्या म्हणाल्या. "खरी तारीख शोधून आणा. आणि तुम्ही," हे मला, "दुसरी चूक तुम्ही दुरुस्त करा."

सासूबाई नामपूरला असतात. त्यांना फोन लावला, स्पीकरवर. त्यांची बोली अहिराणी आणि आवाज असा की फोन नसता तरी पोचला असता.

"आई, मी जन्मले कधी?"

"आते कशाले?" सासूबाई म्हणाल्या. "लगीन त हुई गये."

"डॉक्टर विचारताहेत."

पलीकडे बराच वेळ हिशोब चालला. कुठली गाय व्यायली होती, कुणाच्या घराला पत्रे घातले होते. शेवटी म्हणाल्या, "सिंहस्थमा जल्मनी तू. तुना बाप नाशिकले न्हावाले गयथा. तो घर उना तवय तू पाच दिनन्ही व्हतीस." म्हणजे सासरे कुंभमेळ्यात नदीला आंघोळ करून घरी आले तेव्हा ही पाच दिवसांची होती. सासऱ्यांनी कुठल्या पर्वणीला डुबकी मारली ते भिंतीवरच्या तसबिरीमागे लिहिलेलं निघालं. माणसाने पुण्य लिहून ठेवलं होतं, पोरगी नाही. पण तारीख मिळाली. बायको बत्तीस वर्षांची निघाली. एका फोनमध्ये तीन वर्षांनी तरुण झालेली दुसरी बाई माझ्या माहितीत नाही.

आकडा पुन्हा काढला. लाल रंग गेला. धोक्याच्या रेघेच्या अलीकडे आला, अगदी काठावर. मी खिशात हात घातला, पेढे आणायला. डॉक्टरीणबाईंनी मला बसवलं. फॉर्मवरच्या एका थापेने आकडा वर गेला होता. दुसरी थाप अजून मोजलीच नव्हती. त्या म्हणाल्या, बहुतेक वेळा हे घराण्यातून येत नाही, पण थोड्या घरांत येतं. तुमच्या ताईंची तपासणी कधी झालेली नाही, त्यामुळे मला सांगता येत नाही. हवं असेल तर चौथा महिना संपल्यावर पोटातलं पाणी सुईने काढून तपासता येतं. त्यातून पक्कं कळतं. सुईचाही थोडा धोका असतो. करायचं की नाही, आणि कळल्यावर काय करायचं, हे तुम्ही दोघांनी ठरवायचं. "मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या, "विचारलंत तरी."

बाहेर ताई टाकीतल्या माशांना बेडकाची गोष्ट सांगत होती. मनमाडची.

पुढचे काही दिवस घरात सगळे फार गोड बोलत होतो. सासूबाई एसटीने आल्या, सोबत अर्धं नामपूर घेऊन. बाजरी, कांदे, कळण्याचं पीठ. त्यांना बायकोने सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "पोर म्हनीसन पाडाले बंदी शे ना? मंग हाई कसं चालस?"

मुलगी म्हणून पाडायला बंदी, मग हे कसं चालतं? मी त्यांना कायदा समजावायला लागलो. निम्म्यात माझ्या लक्षात आलं की मी द्राक्षांच्या निर्यातीचे नियम सांगतोय. त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्या ताईच्या डोक्याला तेल लावायला गेल्या.

एका रविवारी दुपारी, ताई झोपली असताना आणि सासूबाई खाली शेजारणीकडे गेल्या असताना, आम्ही दोघं गॅलरीत ओला हरभरा सोलत बसलो होतो. ती म्हणाली, "मी सुई करून घेते."

"कशाला? आकडा तर खाली आलाय."

"रेघ डॉक्टरांची आहे. पोट माझं आहे."

आणि मग मी ते बोललो, जे बोलायची मी आठ दिवस तयारी केली होती. छाती पुढे काढून. "कळून काय करायचंय? जे येईल ते येईल. आपण सांभाळू. ताईला सांभाळलंच की आपण."

तिने हातातली शेंग खाली ठेवली. "आपण म्हणजे कोण?"

"म्हणजे... आपण."

"सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी कोण देतं? केस कोण धुतं? महिन्याचे चार दिवस कोण बघतं?" आवाज जराही चढला नव्हता. ती भाजीचे भाव सांगावेत तसं सांगत होती. "न्यूमोनिया झाला तेव्हा अकरा दिवस हॉस्पिटलच्या खुर्चीत कोण होतं? तुम्ही येत होतात. पॅकहाउस सुटल्यावर. गोष्ट सांगायला."

"ताई हसायची."

"हसायच्या. मलाही बरं वाटायचं. पण गोष्ट संपली की तुम्ही घरी जायचात."

मी दाणे टरफलांत आणि टरफलं दाण्यांत टाकत राहिलो. माझ्यासारख्या माणसाला गप्प करणं म्हणजे गोदावरी उलटी वाहवणं, असं मी स्वतःच लोकांना सांगत आलोय. ती त्या दिवशी उलटी वाहिली, फारसा आवाज न करता.

"ताईंवर माझा जीव आहे," ती म्हणाली. "हे मला तुम्हाला सांगावं लागतंय याचाच राग येतो. परवा त्यांनी मला विचारलं, तू कोण? मिनिटभरच. मग आठवलं. मी तुम्हाला बोलले नाही. डॉक्टर म्हणतात ह्यांना म्हातारपण लवकर येतं. आपल्यामागे त्यांचं कोण, याचं उत्तर आपल्याकडे अजून नाही. आणि दुसरं असं लेकरू मी आणलं, तर त्याचं कोण?"

"हे बघ," मी म्हणालो, "पॅकहाउसमध्ये आम्ही जो माल नापास करतो ना, त्याचेच बेदाणे सगळ्यात गोड..."

"द्राक्षं मध्ये आणू नका. पोर म्हणजे घड नाही."

तिने पुढची शेंग उचलली आणि म्हणाली, "मी सुई करणार. आणि तसं निघालं तर ठेवणार नाही. तुम्ही काय म्हणता?"

"तू म्हणशील ते."

"नाही. असं नाही चालणार. उद्या मी एकटी वाईट होईन आणि तुम्ही दिलदार राहाल. तुम्ही तुमच्या तोंडाने सांगा. एकदाच, खरं."

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, होत नव्हती. मी ती सुरू व्हायची वाट पाहिली. झाली, गेली. मग मी म्हणालो, "नाही ठेवायचं."

त्यात मीठ नव्हतं, मसाला नव्हता. मला वाटतं बोलायला शिकल्यापासून मी बोललेलं ते पहिलंच वाक्य असेल ज्याला पुढे काही जोडावंसं वाटलं नाही.

दार वाजलं. ताई उठली होती, गालावर उशीच्या वळ्या. ती आमच्यामध्ये येऊन बसली, सोललेल्यातला मूठभर हरभरा घेतला. "भाऊ, गोष्ट."

मी टरफलं गोळा करायला लागलो. बायको म्हणाली, "आज मी सांगते." ताईला आश्चर्य वाटलं, मला जास्त. वहिनी कधी गोष्ट सांगत नाही.

"एक बाई होती. ती बाजारात गेली. मेथी घेतली. घरी आली."

"मग?"

"मग तिने ती निवडली."

"मग?"

"मग काही नाही. भाजी केली."

ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. "वहिनी, ही गोष्ट नाहीये!" बायकोही हसली, आणि हसता हसता पदराने तोंड पुसलं, आणि पुन्हा पुसलं.

सुईच्या दिवशी ताईने बाहेर वहिनीची पर्स धरून ठेवली. पोटाशी, दोन्ही हातांनी. नर्सने ती खुर्चीवर ठेवायला सांगितली तर ऐकेना. आमचं दोघांचं आणि ताईचंही रक्त घेतलं. ताईला सुई आवडत नाही, पण वहिनीने घेतली म्हटल्यावर तिने हात पुढे केला आणि तपासणीवाल्याला त्याच्या खिशावरचं नाव वाचून दाखवलं. निकालाला पंधरा दिवस लागणार होते.

त्या पंधरा दिवसांत मी जी द्राक्षं नापास केली ती इतिहासात नोंदवावीत. शेवटी एका बाईने कात्री खाली ठेवली. "साहेब, हे नापास तर मंग झाडच नापास करा ना." मालकांनी मला चार दिवस घरी बसवलं. घरी बसून मी एक काम शिकलो. ताईची वेणी. तिचे केस पातळ, डोकं हलतं ठेवायची सवय. पहिल्या दिवशी घातलेली वेणी बघून सासूबाईंनी विचारलं की दोर वळायला कुठे शिकलात. चौथ्या दिवशी ती वेणीसारखी दिसायला लागली. थायरॉइडची गोळीही माझ्याकडे घेतली. ती अर्धा तास आधी द्यायची असते, चहाच्या. इतकी वर्षं मला वाटायचं ती चहाबरोबर देतात.

वेणी घालताना ताई समोरच्या कॅलेंडरवरच्या जाहिराती वाचायची आणि मी तिच्या मानेकडे बघायचो. बारीक, आखूड मान, वर बाळासारखी लव. ज्या गोष्टीला आम्ही नाही म्हणून ठेवलं होतं, ती माझ्यासमोर पाटावर बसून खतांच्या जाहिराती वाचत होती. यावर मला आजही काही शहाणपणाचं सुचत नाही. बायकोचं चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आताही वाटत नाही. जिच्या हातून सगळं व्हायचं असतं तिला नाही म्हणता आलं पाहिजे. आणि तरी त्या मानेकडे बघून ते मला कुणाला समजावता आलं नसतं. दोन्ही खरं आहे. माझ्यासारख्याला एक खरं सांभाळणं जड, इथे दोन होती.

निकालाचा फोन आला तेव्हा मी पिंपळगावला होतो, हातात घड. डॉक्टरीणबाईंनी आधी बायकोला केला होता, मग तिने मला. "तसं काही नाहीये," ती म्हणाली. "बाळ ठीक आहे. घराण्यातलंही काही नाही." मी घड ठेवला आणि रिकाम्या पेटीवर बसलो. लोकांना वाटलं वाईट बातमी आहे. मग मी पेढे आणले. पंचवीस बायकांना पाच किलो. लोकांना सांगताना पंधरा सांगतो.

संध्याकाळी घरी आल्यावर बायको म्हणाली, "सुटलो असं वाटतंय ना तुम्हाला?"

"तुला नाही वाटत?"

"वाटतंय. पण आपण ठरवलं होतं ते ठरवलंच होतं. ते काही रिपोर्टने पुसलं जात नाही."

मुलगी झाली. ती आता दोन वर्षांची होईल. तिची जन्मतारीख खरी आहे, महानगरपालिकेचा दाखला मी लॅमिनेट करून घेतलाय, मास्तरांचा हात लागू नये म्हणून. ताई तिला मांडीवर घेऊन पाट्या वाचायला शिकवते. ताईचं विसरणं थोडं वाढलंय. बायकोचं नाव ती कधी कधी विसरते, मुलीचं अजून नाही. आम्ही तिला आठवड्यातून तीन दिवस एका कार्यशाळेत सोडतो, तिथे तिच्यासारखी माणसं कागदी पिशव्या करतात. आपल्यामागे कोण, या प्रश्नाचं हे सबंध उत्तर नाही, पण आम्ही शोधतोय. यातला 'आम्ही' आता मी जरा जपून वापरतो.

गेल्या महिन्यातली गोष्ट. ताई कपाटातल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. बायको स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. साड्यांच्या खालून सोनोग्राफीचा जुना फोटो निघाला. काळ्यात पांढरं, पावसाळी आकाशासारखं.

"भाऊ, हे काय?"

"ही आपली छकुली. वहिनीच्या पोटात होती तेव्हाची."

ताईने फोटो उलटा केला, सुलटा केला, डोळ्यांजवळ नेला. त्यावर आकडे होते, ते वाचले. मग म्हणाली, "मला पण असं बघितलं होतं?"

माझ्याकडे लगेच तीन गोष्टी तयार होत्या. एकीत मशीन बैलगाडीतून आलं होतं, दुसरीत ताईने आतून हात हलवला होता, तिसरी तर आगगाडीची होती. स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं होतं.

"नाही ताई," मी म्हणालो. "तेव्हा मशीनच नव्हतं."

"मग आईला कसं कळलं, मी आहे?"

"तू लाथ मारलीस."

"जोरात?"

"आईच्या हातातली टोपली पडली." हे खरं आहे. आईने मला सांगितलेलं.

ताईला हे फार आवडलं. ती थोडा वेळ हसली. मग तिने फोटोकडे परत पाहिलं. "मशीन असतं तर माझा पण फोटो असता."

"असता," मी म्हणालो.

"मग आता काढ."

बायको पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. कोपराने मला जरा बाजूला सारलं, माझ्या खिशातून मोबाइल काढला आणि म्हणाली, "ताई, उजेडात या." ताई खिडकीपाशी गेली. मी सकाळी घातलेली वेणी तिने पुढे घेतली, श्वास रोखला, डोळे गच्च मिटले.

"डोळे उघडा हो."

"पोटात डोळे मिटलेलेच असतात," ताई म्हणाली.

तसाच काढला. दुसऱ्या दिवशी मी तो कॉलेज रोडच्या एका दुकानातून छापून आणला, त्या फोटोएवढाच. ताईने दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ तपासले.

"माझा रंगीत आला," ती म्हणाली, आणि तिने दोन्ही साडीच्या घडीत घालून, घडी हाताने दाबून, कपाट लावलं.